विहीणबाई चहा पीत नाहीत

सुनेत्रा केळशीकरांना कुणी संशयी म्हटलं की त्या खवळायच्या. “संशयी काय संशयी? माझी नोकरीच ती आहे!” म्हणायच्या. आणि ते काही खोटं नव्हतं. साउथहॅम्प्टनच्या हाय स्ट्रीटवरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात त्या स्टोअर डिटेक्टिव्ह होत्या. म्हणजे गिऱ्हाईक असल्यासारखं दिवसभर दुकानात हिंडायचं आणि चोर पकडायचे. अंगात राखाडी कार्डिगन, हातात बास्केट, पायांत सपाट बूट. पन्नाशीची एक इंडियन बाई मोज्यांच्या किमती वाचत उभी आहे, यात कुणाला काय वावगं वाटणार? चोरट्यांनाही वाटायचं नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की मागून कोपराला हात लागायचा आणि गोड आवाज यायचा, “एक्स्क्यूज मी लव्ह, बॅगेत काय आहे ते बघू.”

चोर कसा ओळखायचा याचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं. चोर मालाकडे बघत नाही, माणसांकडे बघतो. चोर गरजेपेक्षा जास्त हसतो. आणि चोराला पडद्याची फार आवड. चेंजिंग रूममध्ये शिरून जो घट्ट पडदा ओढून घेतो, त्याच्यावर बाईंची खास मर्जी. “लपवायला काही नाही, तर पडदा कशाला एवढा घट्ट?” हा त्यांचा प्रश्न दुकान सुटल्यावर दुकानात राहायचा नाही, त्यांच्याबरोबर बसमध्ये बसून घरी यायचा. शेजारी, प्लंबर, दारावर येऊन दुहेरी काचांच्या खिडक्या विकणारे डबल ग्लेझिंगवाले, सगळे त्यातून जायचे. नवरा माधवराव बंदरातल्या एका कंटेनर कंपनीच्या ऑफिसात होते आणि समोरचा सांगेल ते खरं धरून चालायचे. “या घरात एकानं तरी डोळे उघडे ठेवायला नकोत का?” असं त्या विचारायच्या. माधवराव हो म्हणायचे. ते कशालाही हो म्हणायचे.

तर अशा बाईंच्या घरात, २००५ सालच्या मार्चमध्ये, त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं चहा सोडला.

मुलगी निधी, वय पंचवीस, फिजिओथेरपिस्ट. गावातच दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची आणि शनिवारी घरी जेवायला यायची. आल्या आल्या चहा हा या घराचा नियम. त्या दिवशी आलं ठेचून झालं, पाणी उकळलं, आणि ही म्हणते, “नको आई, चहा नको मला.”

“कॉफी टाकू?”

“कॉफीपण नको. हॉट चॉकलेट आहे का?”

बाईंच्या हातातली गाळणी हातातच राहिली. आता पंचवीस वर्षांच्या बिनलग्नाच्या मुलीला चहाचा वास अचानक नकोसा झाला, तर आईच्या मनात पहिलं काय येईल? तेच आलं. दोन आठवडे त्या मुलीच्या पोटाकडे बघत होत्या. तसं काही दिसेना, तर मग बाकीचं दिसायला लागलं. पुण्याहून हौसेनं शिवून आणलेला बिनबाह्यांचा ब्लाउज तिनं हळूच परत कपाटात ठेवला. रविवारी फोन केला तर कधी उचलायचा नाही. माधवरावांच्या वाढदिवसाला वाइनला हात लावला नाही. आणि हसायला लागली होती! निधी मुळात आईच्या वळणाची, कपाळावर आठी असलेली पोर. ती आता उगाचच प्रसन्न असायची.

“काहीतरी लपवतेय,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“अगं, सुखात असेल,” माधवराव म्हणाले.

“तेच म्हणतेय मी. कशामुळे?”

पुढच्या रविवारी बाईंनी कार्डिगन चढवलं आणि स्वतःच्या मुलीच्या मागावर निघाल्या. लाज वाटली का? वाटली ना. पण सवय लाजेपेक्षा मोठी. निधी बसमध्ये पुढे, बाई वर डेकवर. निधी उतरली ती एका बसक्या, विटांच्या इमारतीपाशी. वर टोकदार मनोरा होता, पण क्रॉस नव्हता. लहान लहान पोरांची लटांबरं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं आत शिरत होती, पुरुष सगळे पांढऱ्या शर्टात. बाई त्यांच्यामागून आत गेल्या. दारातल्या दोन कोवळ्या पोरांनी त्यांचा हात हातात घेऊन असा हलवला की जणू काही मामी गावाहून आली. दोघांच्या छातीवर काळी पाटी, वर लिहिलेलं ‘एल्डर’. मिसरूड फुटलेलं नाही आणि म्हणे वडीलधारे! शिवाय सगळे हसत होते. एवढी माणसं सकाळी सकाळी एवढी हसतात म्हणजे यांनी नक्की काहीतरी उचललंय, अशी बाईंची खात्री पटली.

काय उचललं ते पुढच्या रांगेत दिसलं. त्यांची निधी, हातात गाण्याचं पुस्तक, आणि तिच्या शेजारी लाल केसांचा एक उंच मुलगा.

“आई! तू मला फॉलो केलंस?” कॉरिडॉरमध्ये निधीचा चेहरा पांढराफटक पडला.

“केलं. तू सांगत नाहीस तर काय करू?”

“मी सांगणार होते. खरंच. तुला भीती वाटेल म्हणून...”

सांगितलं ते असं. ही मॉर्मन लोकांची मंडळी. निधीनं गेल्या ऑक्टोबरात त्यांचा बाप्तिस्मा घेतलेला. चहा, कॉफी, दारू, उघडे दंड त्यांच्यात चालत नाहीत; घरी कळू नये म्हणून मार्चपर्यंत ती आईचा चहा कसाबसा घेत राहिली होती. आणि लाल केसांच्या मुलाचं नाव नीफाय व्हिटल, लॅंकेशायरचा, इथे बोटींच्या इंजिनांचं काम करतो. त्याच्याशी तिला लग्न करायचं होतं.

बाई घरी आल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून रडल्या. “पाण्यात बुडवून काढलं हो माझ्या पोरीला, आणि मला पत्ता नाही! पाच महिने! मी सगळ्या जगाच्या बॅगा तपासत बसले आणि माझ्याच घरातून...” 

“मघाशी त्या मुलाचा फोन आला होता. चांगला वाटला,” माधवराव म्हणाले.

“तुम्हाला आजपर्यंत कोण वाईट वाटलंय?”

त्यातून सावरल्यावर बाईंनी चौकशी सुरू केली. दुकानातल्या सहकाऱ्यांनी डोळे मोठे करून सांगितलं, मॉर्मन म्हणजे ते चार चार बायकांवाले. ग्रंथालयातल्या पुस्तकात निघालं की ते बंद होऊन शंभर वर्षांवर झाली. बाईंना पुस्तकापेक्षा सहकाऱ्यांचं खरं वाटलं. एक मात्र होतं. मुलगी अशी उजळ दिसायला लागली होती की तिला तोडून टाकणं त्यांच्या जिवावर आलं. “आधी घर बघू,” त्या म्हणाल्या. घर बघितल्याशिवाय सोयरीक कुणी करतं का?

व्हिटलांचं घर प्रेस्टनजवळ. साउथहॅम्प्टनहून मोटारवेवर दिवस घालवून केळशीकर तिथे पोचले, तेव्हा माधवरावांची पाठ मोडली होती आणि बाईंचं डोकं ठणकत होतं. दार उघडलं नीफायच्या आईनं. नाव जोन. साठीच्या आसपासची, सडसडीत, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. हात सतत एप्रनला पुसत होती. तिनं बसवलं, कोट घेतले आणि विचारलं, “ऑरेंज स्क्वॉश की लेमन?”

सुनेत्राबाईंनी वाट पाहिली. चहा आलाच नाही. येणार नव्हता हे माहीत होतं हो, पण माहीत असणं वेगळं आणि व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर गार सरबताचा ग्लास हातात येणं वेगळं. जेवणात हिरवी जेली होती आणि तिच्यात चक्क किसलेलं गाजर. माधवरावांनी दोनदा घेतली. भिंतीवर लाकडात कोरलेलं मधमाश्यांचं पोळं टांगलं होतं, घरात मधमाशी काय, मधाची बाटलीही दिसत नव्हती. आणि ही जोन बाकीच्यांसारखी हसत नव्हती. हसणारे सगळे संशयित असतील, तर न हसणारी ही त्यांची मुख्य असणार, असं बाईंनी ठरवून टाकलं.

“नीफाय हे कसलं नाव?” त्यांनी सरळच विचारलं.

“गावाचं,” जोन म्हणाली. “म्हणजे आधी आमच्या धर्मग्रंथातल्या माणसाचं, मग गावाचं, मग माझ्या मुलाचं.”

मग तिनं सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वी, किंवा त्याहूनही आधी, अमेरिकेहून प्रचारक प्रेस्टनला आले. गिरण्यांतल्या लोकांनी इथल्याच रिबल नदीत बाप्तिस्मा घेतला. मग लिव्हरपूलहून बोटी भरभरून माणसं निघाली. तिकडे रेल्वे संपली की कित्येकांनी हातगाडीवर संसार लादून ती मैदानातून ओढत नेली, थेट युटाच्या वाळवंटापर्यंत. तिथे काहीच नव्हतं, नावंसुद्धा नव्हती. मग ग्रंथातली नावं जमिनीला दिली. नीफाय, लीहाय, मोरोनाय, सगळी आज तिथे गावं आहेत. वेल्सच्या खाणवाल्यांनी आपल्या गावाचं नाव वेल्स ठेवलं. पोळं हे त्या लोकांचं चिन्ह, सगळ्यांनी मिळून राबायचं म्हणून. जोनच्या नवऱ्याच्या घराण्यात दोन भाऊ होते. थोरला गेला, तो नीफाय गावात राहिला. धाकटा आईसाठी मागे थांबला. तेव्हापासून इकडे प्रत्येक पिढीत एका मुलाचं नाव नीफाय असतं, आणि तिकडे एका तरी मुलीचं नाव रिबल.

“वाळवंटात नदीचं नाव!” माधवराव खूश झाले. “अहो, आमचंही तसंच आहे. केळशी नावाच्या गावाचे म्हणून आम्ही केळशीकर. तुम्ही गावाला नावं दिलीत, आम्ही गाव नावात घेऊन फिरतो.”

“तुम्ही पाहिलंय ते गाव?” जोननं विचारलं.

“नाही, कधी जमलं नाही,” माधवराव म्हणाले.

“मीही नीफाय पाहिलेलं नाही,” जोन म्हणाली, आणि पहिल्यांदा किंचित हसली.

सुनेत्राबाई हसल्या नाहीत. साम्य दाखवून घरात शिरायची ही युक्ती त्यांनी डबल ग्लेझिंगवाल्यांकडून पुष्कळ ऐकली होती. बाथरूमला जाते म्हणून त्या उठल्या आणि मुद्दाम चुकीचं दार उघडलं. आत छपरापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर गव्हाची पिंपं, डाळीचे डबे, साखर, मीठ, मेणबत्त्या. एकट्या बाईला हे कशाला? मागे जोन उभी होती.

“वर्षाचं आहे,” ती शांतपणे म्हणाली. “त्या वाटेवर पुष्कळ जण उपाशी मेले. तेव्हापासून आम्ही भरून ठेवतो.”

बाईंच्या आईच्या घरीही मे महिन्यात वर्षाचे गहू भरायचे, कडुनिंबाचा पाला घालून. ते त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. झडती घेताना आपल्या घरच्या गोष्टी सांगायच्या नसतात. त्यांनी मुद्द्याचं विचारलं, “लग्न कुठे?”

“सही-शिक्क्याचं चॅपलमध्ये, सगळ्यांसमोर. इथला कायदाच तसा आहे. आणि मग त्याच दिवशी खरं, कायमचं बंधन... ते मंदिरात. लंडनच्या दक्षिणेला, सरेमध्ये.”

“तिथे आम्ही कुठे बसायचं?”

जोननं एप्रनला हात पुसले. “मंदिरात फक्त आमच्यातलेच जाऊ शकतात. तेही सगळे नाही. तुम्ही... बाहेर बाग आहे. फार सुंदर बाग आहे.”

“म्हणजे तुमच्याच तोंडानं तुम्ही म्हणता खरं लग्न ते, आणि त्या लग्नात मी, मुलीची आई, बागेत बसू?”

जोननं खाली बघितलं. नजर चुकवली! बाईंच्या दृष्टीनं खटला तिथेच संपला.

परतीच्या वाटेवर गाडीत रण माजलं. “मी जन्म दिला, मी वाढवलं, आणि मला दाराबाहेर! असं काय करतात आत? एवढं पवित्र आहे तर दार कशाला बंद?”

“आई, ते सीक्रेट नाही, सेक्रेड आहे,” मागच्या सीटवरून निधी रडत म्हणाली. “मलापण तू तिथे पाहिजे. पण ते माझ्या हातात नाही ना.”

मुलगी रडली तसा बाईंनी पर्समधला रुमाल मागे दिला. बर्मिंगहॅम गेल्यावर त्यांनी अट घातली. आधी आपल्या पद्धतीनं लग्न. अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, सगळं शास्त्राप्रमाणे, एक गोष्ट गाळायची नाही. आणि ते लग्न आपण समोर उभं राहून, डोळे भरून बघणार. मग त्यांचं ते बंद दारामागचं काय असेल ते असो. निधीनं डोळे पुसून मान्य केलं. नीफायनं तर त्याच आठवड्यात धोतर नेसायचा सराव सुरू केला.

बाईंना आता एकच धास्ती होती, काहीतरी खोडा घालून हे लोक तेवढंही बघू देणार नाहीत. म्हणून त्यांनी कशालाच कुणाला हात लावू दिला नाही. शाळेचा हॉल स्वतः ठरवला, स्टॅनमोरहून गुरुजी बोलावले, आणि शास्त्रात खोट राहू नये म्हणून पुण्याहून थोरल्या नणंदेला, प्रमोदिनीवन्संना, तिकीट पाठवून आणवलं. वन्सं म्हणजे चालतंबोलतं शास्त्र. आल्या त्या बॅगेत मुंडावळ्या, हळकुंडं आणि ठाम मतं घेऊनच.

२००६ च्या जुलैमधला शनिवार. हॉलमध्ये एका बाजूला पुण्यामुंबईची मंडळी, दुसऱ्या बाजूला लॅंकेशायरचे सगळे व्हिटल, मुठीत अक्षता धरून, त्या खायच्या की काय अशा चेहऱ्यानं. पुढच्या खुर्चीवर विहीणबाई म्हणून जोन, वन्संनी नेसवलेल्या साडीत, अंग चोरून बसलेली. पाटावर निधी आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातात हार. सुनेत्राबाई थेट पुढे, बरोबर मध्ये उभ्या राहिल्या. गेले कित्येक महिने त्या या जागेसाठी भांडत होत्या. गुरुजींनी अंतरपाट धरायला लावला, घसा साफ केला.

“सुनेत्रा, तू इथे काय करतेस?” मागून वन्संचा आवाज आला.

“म्हणजे?”

“मुलीच्या आईनं मंगलाष्टकांच्या वेळी इथे थांबायचं नसतं. तुळशीला पाणी घालत बसायचं. कुंडी आणलीय मी, बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवलीय.”

“वन्सं, आता कोण पाळतं हे?”

“मी पाळते. आणि तूच ना मला फोनवर म्हणालीस, एक गोष्ट गाळायची नाही? मग? पोरीचं लग्न परधर्मात होतंय, आधीच आमच्या जिवाला घोर. त्यात तू शास्त्र मोडणार?”

गुरुजी पोथीत बोट घालून थांबले. सगळे व्हिटल बघत होते. अंतरपाटाच्या आडून निधी म्हणाली, “आई, थांब ना गं!” सुनेत्राबाईंचे पाय जागचे हलेनात. त्यांना आपलं लग्न आठवलं. ठाण्याचं कार्यालय, बँड, आपल्या हातातला हार. आणि आई? आई कुठे होती आपली? अक्षता पडल्या तेव्हा आपण मान वळवून शोधलं होतं, ती नव्हतीच. इतक्या वर्षांत एकदाही आपण तिला विचारलं नाही, आई, तू कुठे होतीस गं? आता विचारायला आई राहिली नव्हती. “पोरीच्या संसाराला काही झालं तर मला बोल लावायचा नाही,” वन्सं म्हणाल्या, आणि मग बाईंचा धीर सुटला. त्या वळल्या आणि दाराबाहेर गेल्या. दार त्यांच्यामागे आपोआप बंद झालं.

कॉरिडॉरमध्ये खिडकीखाली कुंडी होती. लंडनच्या कुठल्याशा घरातून आणलेली किडकिडीत तुळस. आतून गुरुजींचा सूर उमटला. बाई फरशीवर बसल्या, तांब्या उचलला, आणि ओतताना निम्मं पाणी मातीबाहेर सांडलं. कुणावर ओरडायचं? हे दार तर त्यांच्याच माणसांनी लावलं होतं.

दार उघडलं. जोन बाहेर आली, निऱ्या दोन्ही हातांनी उचलून धरत.

बाई एकदम सावध झाल्या. “तुम्ही का आलात? बघायला आलात मला?”

“हो,” जोन म्हणाली आणि शेजारी फरशीवर बसली. साडीत तिला बसता येईना, तरी बसली.

“जा आत. तुमच्या मुलाचं लग्न आहे.”

जोननं ऐकलं नाही. ती तुळशीकडे बघत बोलायला लागली. ती व्हिटलांच्यात जन्मली नव्हती. ती विगनच्या मेथडिस्ट, म्हणजे वेगळ्याच ख्रिस्ती पंथाच्या घरातली, लग्नासाठी या धर्मात आलेली. लग्न त्याच मंदिरात झालं, सरेमध्ये. “माझ्या आईनं नवी टोपी घेतली होती,” ती म्हणाली. “निळी. आत येता येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी घेतली. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती कार पार्कमध्ये गाडीत बसली होती, टोपी मांडीवर घेऊन. मला म्हणाली, छान झालं का गं? एवढंच. नंतर मरेपर्यंत एकदाही त्या दिवसाबद्दल बोलली नाही. मीही विचारलं नाही. तू माझ्या घरी विचारलंस, आम्ही कुठे बसायचं, तेव्हा मला तुझ्याकडे बघवेना.”

आत ‘सावधान’चा गजर झाला. टाळ्या झाल्या. वाद्यांची कॅसेट लागली. झालं होतं लग्न. सुनेत्राबाईंनी पदर तोंडात कोंबला.

“पुढच्या शनिवारी मी मंदिरात जाणार नाही,” जोन म्हणाली. “तुझ्याबरोबर बाहेर बसेन. शब्द देते.”

बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. डोळे, हात, ओठांची कड. दुकानात बघतात तसं सगळं तपासलं. रडत होती खरी. पण रडणारेही त्यांनी पुष्कळ पकडले होते. “बघू,” त्या म्हणाल्या.

तो पुढचा आठवडा त्यांनी त्याच विचारात काढला. म्हणायला काय जातं? पोटचा पोरगा आत बोहल्यावर, आणि ही बाई परक्या बाईसाठी बागेत बसणार? आयत्या वेळी काहीतरी निघेल. कुणीतरी बोलावेल, ही सॉरी म्हणेल, आणि जाईल. तसं झालं तर निदान आपलं खरं ठरेल, असंही त्यांना वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, तसं होऊ नये असंही वाटत होतं.

शनिवारी सकाळी चॅपलमध्ये सह्या झाल्या. बाईंनी त्या बघितल्या, पण रजिस्टरवर सही करणं बघून कुणाचे डोळे निवतात? दुपारी सगळे सरेला पोचले. हिरवळ, गुलाब, पाण्याचं तळं, आणि मधोमध उंच मनोऱ्याचं पांढरं मंदिर. खरंच सुंदर बाग होती. बाईंना तिचा राग आला.

जोन गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात एक छोटी बॅग होती. बाईंची नजर पहिली तिथेच गेली. “बॅगेत काय आहे?” कार पार्कमध्येच त्यांनी विचारलं.

“पांढरे कपडे. आत पांढरेच घालतात.”

“म्हणजे आणलेच आहेत.”

“सवयीनं उचलली बॅग,” जोन म्हणाली. तिनं ती बाकाखाली सारली आणि बाकावर बसली. सुनेत्राबाई शेजारी बसल्या. माधवराव पाहुण्यांसाठीच्या खोलीत काही गरम मिळतंय का ते बघायला गेले.

निधी आणि नीफाय हात हातात घेऊन पायऱ्या चढले. निधी वर पोचल्यावर वळली. आईकडे बघितलं, हात केला नाही, नुसतं बघितलं. मग दार बंद झालं.

बाई जोनवर नजर ठेवून होत्या. आता उठेल, मग उठेल. नीफायची आत्या दारातून डोकावली आणि जोनला हातानं खुणावलं, ये की, वेळ झाली. जोननं मान हलवली. आत्यानं परत खुणावलं. जोननं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले, पांढरे पडेपर्यंत, आणि तळ्याकडे बघत बसली. ती हलली नाही.

ही खरंच जाणार नव्हती. सुनेत्राबाईंना ते इतकं अनपेक्षित होतं की क्षणभर त्यांना काय करावं तेच कळेना. मग त्या एकदम ताडकन म्हणाल्या, “जोन, ऊठ.”

“नाही. मी शब्द दिलाय.”

“खड्ड्यात गेला शब्द! ऊठ म्हणते ना!”

“तुला एकटीला सोडून मी—”

“अगं बाई, माझं राहू दे! ती आत गेल्यावर मागे वळून बघणार. आत्ता बघितलंस ना पायरीवर? तशीच आहे ती. नवीन कुठेही गेली की वळून बघते. परवा अक्षता पडल्या तेव्हासुद्धा दाराकडे बघत होती म्हणे. आणि तिथे कुणी नव्हतं.” बाईंनी तिचं कोपर धरलं. “मीही बघितलं होतं माझ्या वेळी, तूही बघितलं असशील. कुणीच नव्हतं. आज ती वळेल तेव्हा तिला कुणीतरी आई दिसायला हवी. जा!”

बाईंनी खाली वाकून बॅग ओढून काढली आणि तिच्या छातीवर आदळली. मग मात्र जोन उठली, आणि साठीची ती बाई हिरवळीवरून पोरीसारखी धावत सुटली. दार उघडलं, मिटलं.

माधवराव दोन कप हॉट चॉकलेट सांभाळत आले. रिकाम्या जागेकडे बघून त्यांनी विचारलं, “विहीणबाई कुठे गेल्या?”

“आत,” सुनेत्राबाई म्हणाल्या आणि डोळे पुसून कप हातात घेतला. “निधीची आई म्हणून पाठवलंय मी त्यांना.”